कंपनीच्या पैशातून देणगी: एका संस्थेच्या स्थापनेमागची पार्श्वभूमी

उद्योगांनी नफ्यातला अधिक वाटा समाजकार्याला द्यावा, असा आग्रह धरणारी एक ना-नफा संस्था अमेरिकेत १९९९ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत एक नामवंत चित्रपट अभिनेता होता आणि त्याच्या जोडीला मोठ्या उद्योगांची धुरा वाहिलेली काही मंडळी होती. सदस्यत्व कंपनीच्या देणगी विभागाला नव्हे, तर थेट अध्यक्षाला किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला द्यायचे, असा तिचा दंडक होता. तो का घातला गेला हे समजण्यासाठी, भागधारकांचा पैसा दान करण्याचा अधिकार कोणाचा, हा जुना वाद पाहावा लागतो.

एकोणिसाव्या शतकातल्या न्यायालयांच्या लेखी उत्तर सरळ होते: कंपनीचा थेट फायदा दिसत असेल तरच पैसा बाहेर द्यावा. पहिल्या महायुद्धात मदतनिधीची निकड वाढली, तेव्हा काही कंपन्यांनी खास लाभांश जाहीर केला आणि तो भागधारकांनीच निधीला द्यावा, अशी विनंती केली. १९१७ मध्ये टेक्सासने कंपन्यांना देणगीची मुभा देणारा कायदा केला आणि १९३५ च्या केंद्रीय कायद्याने करपात्र उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंतच्या देणग्यांना वजावट दिली. तरीही संचालकांच्या मनातली धास्ती गेली नव्हती.

ती घालवली न्यू जर्सीतल्या एका खटल्याने. पाण्याच्या आणि गॅसच्या व्यवसायासाठी व्हॉल्व्ह आणि आग विझवण्यासाठी लागणारे हायड्रंट बनवणाऱ्या, सुमारे तीनशे कामगारांच्या एका कारखान्याच्या संचालक मंडळाने जुलै १९५१ मध्ये एका खासगी विद्यापीठाच्या वार्षिक निधीला १,५०० डॉलर देण्याचा ठराव केला. काही भागधारकांनी हरकत घेतली, तेव्हा हा ठराव वैध असल्याचे जाहीर करावे, असा अर्ज घेऊन कंपनी स्वतःच न्यायालयात गेली. हरकतदारांचे मुद्दे पोकळ नव्हते. कंपनी १८९६ सालची होती आणि तिच्या स्थापनापत्रात देणगीचा अधिकार कुठेही दिलेला नव्हता. राज्याने अशी मुभा देणारा कायदा १९३० मध्ये केला असल्याने तो स्थापनापत्राच्या रूपाने आधीच झालेल्या करारावर लादता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रक्कम किरकोळ असली तरी साक्षीला तेल आणि पोलाद उद्योगांतले धुरीण आणि त्या विद्यापीठाचे अध्यक्ष उभे राहिले. खासगी विद्यापीठे टिकली नाहीत तर उद्योगांना लागणारी शिकलेली माणसे आणि मुक्त व्यवस्था या दोन्हींचा पाया खचेल, हा त्यांच्या साक्षींचा रोख होता. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत या युक्तिवादाला वेगळीच धार होती.

१९५३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठराव उचलून धरला. देशातली संपत्ती व्यक्तींच्या हातून कंपन्यांच्या हाती गेली असेल, तर समाजाची जबाबदारीही कंपन्यांनी उचलायला हवी, हा निकालाचा गाभा होता, आणि तो मला आजही निर्विवाद योग्य वाटतो. मात्र रक्कम माफक आहे, ती संचालकांच्या मर्जीतल्या संस्थेला दिलेली नाही आणि दूरवर पाहता त्यात कंपनीचेही हित आहे, हे मुद्देही न्यायालयाने आधाराला घेतले. यातला हिताचा मुद्दाच पुढे सर्वांत जास्त पुरला. दूरचे हित आकड्यांत सिद्ध करण्याची गरज उरली नाही. त्यामुळे संचालकांना मोकळीक मिळाली, पण द्यायचे की नाही, हेही त्यांच्याच इच्छेवर राहिले.

ही इच्छा टिकवणे सोपे गेले नाही. १९७० मध्ये एका प्रख्यात अर्थशास्त्रज्ञाने, नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी, असे ठणकावून मांडले. मिनियापोलिसमधल्या काही कंपन्यांनी १९७६ मध्ये करपूर्व नफ्याचे पाच टक्के देण्याचा वसा घेतला आणि १९८१ मध्ये करसवलतीची मर्यादाही दहा टक्क्यांवर गेली. पण नव्वदच्या दशकात देशभरातले प्रमाण एक टक्क्याच्या आसपासच घुटमळत होते. कायदा होता, सवलत होती, अडत होते ते वरच्या खुर्चीत. म्हणून नव्या संस्थेने त्या खुर्चीलाच हात घातला. कंपनीप्रमुखांनी एकमेकांसमोर बसून बोलावे आणि आपली देणगी बरोबरीच्या कंपन्यांशी ताडून पाहावी, यासाठी ती बैठका भरवू लागली आणि दरवर्षी आकडेवारी गोळा करू लागली. अभिनेत्याच्या शब्दालाही वजन होते, कारण १९८२ मध्ये सुरू केलेल्या आपल्या खाद्यपदार्थांच्या कंपनीचा करोत्तर नफा तो पूर्णपणे दान करत आला होता.

पुढे संस्थेच्या नावातून दातृत्व गेले आणि कंपनीच्या व्यापक उद्दिष्टाची भाषा आली. कामाचा आवाका त्याने वाढला, हे मान्य. पण किती दिले, हा रोखठोक प्रश्न मागे सरला, याची खंत वाटते. २०१९ मध्ये १८१ कंपनीप्रमुखांनी ग्राहक, कामगार आणि समाज यांच्याशीही आपली बांधिलकी जाहीर केली, त्या निवेदनातही देणगीचा आकडा नव्हता. आता २०२५ च्या करकायद्यानुसार २०२६ पासून कंपन्यांना करपात्र उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या वरच्या देणगीवरच वजावट मिळते. म्हणजे ज्या एक टक्क्याभोवती बहुतेक कंपन्या रेंगाळत होत्या, तेवढे दान आता सवलतीविनाच करावे लागणार आहे.