इंग्लंडमध्ये होम केअर एजन्सी काढताय? सीक्यूसीचा अर्ज परत का येतो, ते आधी वाचा

स्लाऊ, हॅरो, हाउन्स्लोकडच्या मराठी मंडळींत हा बेत हल्ली वरचेवर ऐकू येतो: इतकी वर्षं एनएचएसमध्ये नाहीतर नर्सिंग होममध्ये राबलो, आता स्वतःची एजन्सी काढू. बेतात वावगं काहीच नाही. कंपनीज हाउसला कंपनी चुटकीसरशी नोंदवून होते, लोगो होतो, वेबसाइट होते. मग केअर क्वालिटी कमिशनकडे, म्हणजे इंग्लंडमधल्या केअर सेवांचा नियामक असलेल्या सीक्यूसीकडे, अर्ज जातो आणि काही आठवड्यांनी ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत येतो. फॉर्मचे रकाने सगळे भरलेले असतात. कच्ची असते ती एजन्सीची तयारी, आणि कागद वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

नोंदणी लागते का, हे आधी बघा. हेल्थ अँड सोशल केअर अॅक्ट, 2008 नुसार ‘पर्सनल केअर’ देणाऱ्याला ती लागतेच. आंघोळ घालणं, कपडे चढवणं, शौचाला नेणं, भरवणं, दात-केस-नखं-त्वचेची निगा, हे सगळं त्यात आलं. हात न लावता नुसती आठवण करून देऊन वर देखरेख ठेवणंही आलं. बाजारहाट, साफसफाई, सोबत बसणं एवढंच करणार असाल तर नोंदणी लागत नाही. नोंदणीशिवाय पर्सनल केअर देणं हा गुन्हा आहे, तेव्हा ‘तोवर शेजारच्या एका आजींपासून सुरुवात करतो’ हा विचार डोक्यातून काढून टाका. आणि हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियामक वेगळे, कागदही वेगळे.

फॉर्म भरणं हा त्यातला सोपा भाग. प्रोव्हायडरचा, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीचा, एक अर्ज आणि रजिस्टर्ड मॅनेजरचा एक, दोन्ही एकदमच पाठवायचे. अर्जाला फी नाही. नोंदणी झाल्यावर वार्षिक फी सुरू होते.

मॅनेजर: सगळ्यात जास्त अर्ज इथे अडखळतात

कंपनी असेल तर दोन पदं भरावी लागतात. कंपनीच्या वतीने कामावर लक्ष ठेवणारा नॉमिनेटेड इंडिव्हिज्युअल आणि रोजचा कारभार हाकणारा रजिस्टर्ड मॅनेजर. लहान एजन्सीत दोन्ही टोप्या एकाच्या डोक्यावर चालतात. पण मॅनेजर ‘नावापुरता’ चालत नाही. एजन्सी क्रॉयडनला आणि मॅनेजर लेस्टरला, तिथली पूर्णवेळ नोकरी सांभाळून महिन्याला काही पाउंड घेऊन नाव देणारा, असे अर्ज भरणारे आजही भेटतात. मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत हे उघडं पडतं.

कायद्यात ‘लेव्हल 5 डिप्लोमा हवाच’ असं छापलेलं नाही. 2014 च्या नियमावलीतला नियम 7 म्हणतो की पात्रता, क्षमता, कौशल्य आणि अनुभव हवा. त्यावरून आपली नर्स मंडळी समजून चालतात की नर्स म्हणून नोंदणीचा पीन नंबर आहे म्हणजे झालं. वॉर्डचा अनुभव मोलाचा आहेच, पण मुलाखतीत विचारतात ते वेगळंच. मेंटल कपॅसिटी अॅक्टची, म्हणजे स्वतःचे निर्णय घेण्याच्या क्षमतेविषयीच्या कायद्याची, पाच तत्त्वं एखाद्या नकार देणाऱ्या आजोबांच्या बाबतीत कशी लावाल? केअररवर पैसे चोरल्याचा आरोप आला तर कौन्सिलच्या सेफगार्डिंगला (छळ-फसवणुकीपासून संरक्षण करणाऱ्या विभागाला) कधी कळवाल, सीक्यूसीला काय कळवाल? रविवारी रात्री केअरर आलाच नाही तर फोन कोण उचलणार? शेवटच्या प्रश्नाला पुष्कळांची बोबडी वळते, कारण रोस्टरचा, म्हणजे ड्युट्यांच्या वेळापत्रकाचा, विचारच झालेला नसतो.

डीबीएस आणि आपली नावं

डीबीएस म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी. नोकरीच्या वेळची जुनी डीबीएस जोडली की अर्ज अडकतो. मॅनेजरला सीक्यूसीने काउंटरसाइन केलेली एनहान्स्ड डीबीएस लागते, तिची प्रक्रिया सीक्यूसीमार्फतच होते. नॉमिनेटेड इंडिव्हिज्युअलची तपासणी मात्र कंपनीने स्वतः करायची.

आता खास आपल्याकडची अडचण. डीबीएसला आजवर वापरलेली सगळी नावं हवी असतात. आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, काहींचं तर पाळण्यातलं नावही लग्नात बदललेलं. नर्सिंगचं सर्टिफिकेट ‘सुनीता दत्तात्रय कदम’, पासपोर्ट ‘सायली महेश पाटील’, आणि बँकेत मधलं नाव गाळून नुसतं ‘सायली पाटील’. कागद तपासणाऱ्या इथल्या बाईंना ही तीन माणसं वाटतात, आणि त्यांचा त्यात दोष नाही. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. नाव गॅझेटमध्ये बदललं असेल तर त्याची प्रत काढा. आणि एक नाव ठरवून सगळ्या अर्जांत तेच, त्याच स्पेलिंगने लिहा. गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते तारखांसह द्यायचे असतात. भाड्याच्या खोलीतले दोन महिनेही वगळू नका.

कामाचा पूर्ण इतिहास, म्हणजे खरंच पूर्ण

नियमावलीची अनुसूची 3 कामाचा संपूर्ण इतिहास मागते आणि मधल्या प्रत्येक खंडाचं लेखी, पटणारं कारण मागते. गेल्या दहा वर्षांचा सीव्ही पुरत नाही. शिक्षण संपल्यापासून लिहायचं. सांगलीत सासूबाईंच्या आजारपणात तीन वर्षं घरी होतात? तसंच लिहा. यात लाजण्यासारखं काही नाही, उलट लपवलंत तर शंका येते. महिने-वर्षं जुळवून पाहा. एक नोकरी मार्च 2011 ला संपते आणि पुढची 2012 पासून, एवढं मोघम लिहिलं की प्रश्न आलाच.

याआधी आजाऱ्यांची, वृद्धांची किंवा मुलांची काळजी घेण्याचं काम केलं असेल, तर तिथल्या वागणुकीचा पुरावा आणि नोकरी का सोडली तेही लागतं. इथे माणसं हतबल होतात, कारण मिरजेचं ते छोटं हॉस्पिटल केव्हाच बंद झालेलं असतं. रेफरन्स मिळणारच नसेल तर तो मिळवण्यासाठी काय काय केलं याची लेखी नोंद ठेवा: पाठवलेली ईमेल, परत आलेलं पत्र, तेव्हाच्या मेट्रनचं निवेदन. घरी बसून स्वतःच टाइप केलेलं ‘अनुभव प्रमाणपत्र’ कृपा करून जोडू नका.

विकतच्या पॉलिसी

कन्सल्टंट फाइल विकतात, त्यात चाळीसेक पॉलिसी असतात. विकत घ्यायला हरकत नाही, पण वाचा तरी. दुसऱ्याच एजन्सीचं नाव तसंच राहिलेलं, तक्रारीसाठी स्कॉटलंडच्या नियामकाचा पत्ता, घरोघरी जाणाऱ्या सेवेत ‘रहिवाशांच्या जेवणघराची स्वच्छता’, असल्या फायली सर्रास जातात. स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे कोणाला काय सेवा देणार याचं निवेदन, तर स्वतःच लिहा. त्यात ‘डिमेन्शिया आणि लर्निंग डिसेबिलिटी’ अशी टिकमार्क मारली असेल, तर ट्रेनिंग प्लॅनमध्ये त्या दोन्हीचं शिक्षण दिसलं पाहिजे. जास्त टिका म्हणजे जास्त धंदा, असा हिशेब करून लोक सगळ्याच चौकोनांत खुणा करतात आणि नेमके तिथेच सापडतात.

ट्रेनिंगबद्दल दोन गैरसमज कायम आहेत. एक, केअर सर्टिफिकेट, म्हणजे नव्या केअररचं पायाभूत प्रशिक्षण, ऑनलाइन एका दिवसात मिळतं. ते 2015 मध्ये 15 मानकांनिशी आलं, 2025 पासून मानकं 16 झाली आहेत, आणि त्यात कोणीतरी केअररला प्रत्यक्ष काम करताना पाहून ‘जमतं’ अशी सही करायची असते. पाहणारा कोण, हे तुमच्या प्लॅनमध्ये हवं. दुसरा, ऑलिव्हर मॅकगोवन ट्रेनिंगचं ई-लर्निंग केलं की झालं. ऑटिझम असलेला हा 18 वर्षांचा मुलगा 2016 मध्ये ब्रिस्टलमध्ये गेला. त्याने आणि घरच्यांनी नको म्हणून बजावलेलं औषध त्याला दिलं गेलं होतं. 2022 च्या कायद्याने नोंदणीकृत संस्थांच्या कर्मचाऱ्यांना लर्निंग डिसेबिलिटी आणि ऑटिझमचं शिक्षण सक्तीचं केलं. याच नावाचा कोर्स घ्या असं कायदा म्हणत नाही, पण घेतलात तर ई-लर्निंग हा त्याचा पहिला भाग आहे. त्यानंतर टिअर 1 ला (जुजबी माहिती पुरणाऱ्यांना) तासाभराचं थेट ऑनलाइन सत्र, टिअर 2 ला (प्रत्यक्ष काळजी घेणाऱ्यांना) पूर्ण दिवसाचं समोरासमोर प्रशिक्षण. नुसत्या पहिल्या भागाचं प्रमाणपत्र म्हणजे अर्धवट ट्रेनिंग.

जागा आणि पैसा थोडक्यात. कारभार जिथून चालणार तो खरा पत्ता हवा. टपालपेटीचा चालत नाही. घरातून चालवणार असाल तर घरमालकाची परवानगी घ्या, कौन्सिलच्या प्लॅनिंगचं काय ते विचारा आणि कुलपाचं कपाट ठेवा. विमा काढा. आर्थिक क्षमतेचं पत्र अकाउंटंटकडून घ्या. बँक बॅलन्सचा स्क्रीनशॉट म्हणजे ते पत्र नव्हे.

पत्र आलं, आता?

‘परत’ आणि ‘नाकारला’ यांत फरक आहे. अपूर्ण म्हणून परत आला तर दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. रांगेत मात्र शेवटी उभं राहायचं. नाकारण्याआधी ‘नोटीस ऑफ प्रपोजल’ येते. हा अंतिम निर्णय नव्हे, नुसता इरादा. पण नोटीस बजावल्यापासून 28 दिवसांत लेखी म्हणणं मांडावं लागतं. दिवस कामाचे नव्हेत, कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून. पत्र पाहून हातपाय गाळणारे आणि ‘वकील गावाला गेलाय’ म्हणून थांबणारे, दोघांचीही मुदत टळते. त्यानंतर ‘नोटीस ऑफ डिसिजन’ आली तर फर्स्ट-टिअर ट्रिब्युनल या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील, त्यालाही 28 दिवस. आधी अपील आणि मग म्हणणं, अशी उलटी वाट धरू नका.

तुम्हाला 28 दिवस, सीक्यूसीला मात्र घाई नाही. डॉ. पेनी डॅश यांच्या 2024 च्या सरकारी आढाव्यात प्रलंबित नोंदणी अर्जांपैकी निम्म्याहून जास्त 10 आठवड्यांपेक्षा जुने निघाले होते. म्हणून अर्ज टाकला की लगेच ऑफिसचं भाडं सुरू करून बसू नका, आणि मॅनेजरला नोकरीचा राजीनामा द्यायला लावू नका.

शेवटी व्हिसाचं. एजन्सी काढली की गावाकडच्या पोरांना केअरर म्हणून स्पॉन्सर करता येईल, या आशेवर कोणी नोंदणी करत असेल तर थांबा. 22 जुलै 2025 पासून परदेशातून नव्याने केअर वर्कर आणण्याची वाट बंद झाली आहे. आजही त्याच कामासाठी लाखो रुपये मागणारा एजंट तुम्हाला फसवतोय. तुम्ही स्वतः स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर मनाने स्वयंरोजगार सुरू करता येत नाही. कंपनी काढण्याआधी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला दाखवा. आणि नोंदणी मिळवून नुसती बाजूला ठेवू, कधीतरी उपयोगी पडेल, असाही विचार नको. सलग 12 महिने पर्सनल केअर दिली नाही तर ती रद्द करण्याचा अधिकार सीक्यूसीला आहे.