राजवैद्याचं कोष्टक

“तीन मुली झाल्या ना, आता मुलगाच होणार बघ!” हे शिकलेल्या घरांतही ऐकू येतं. गर्भाला मागच्या बाळंतपणांचा हिशेब ठाऊक नसतो. हे वाक्य कानावर पडलं की मला जॉन आर्बथनॉट आठवतो.

जन्म १६६७, स्कॉटलंड. ब्रिटनच्या ॲन राणीचा राजवैद्य, लेखक स्विफ्ट आणि कवी पोप यांचा जिवलग मित्र. इंग्लंडचं प्रतीक ठरलेला ‘जॉन बुल’ याच्याच १७१२ सालच्या उपहासलेखनातून पुढे आला. पण माझा जीव जडलाय तो त्याच्या एका रुक्ष कोष्टकावर.

लंडनमधल्या बाप्तिस्म्यांच्या, म्हणजे ख्रिस्ती बारशांच्या नोंदी, १६२९ ते १७१०. पहिली ओळ: ५,२१८ मुलगे, ४,६८३ मुली. शेवटची: ७,६४० आणि ७,२८८. मधल्या काळात यादवी झाली, प्लेग आला, शहर जळालं. तरी ८२ पैकी एकाही वर्षी मुली जास्त नाहीत!

आर्बथनॉट म्हणाला, मुलगा-मुलगी हा निव्वळ नाणेफेकीचा मामला आहे असं धरू. मग एखाद्या वर्षी मुलगे जास्त असण्याची शक्यता फार तर १/२. सलग दोन वर्षं १/४, तीन वर्षं १/८, दहा वर्षं १/१०२४. सलग ८२ वर्षं म्हटलं, की छेदात येतात ४८ आणि त्यापुढे सुमारे २३ शून्यं. इतकं दुर्मीळ काही घडलेलं दिसतंय, तेव्हा धरलेली गोष्टच चूक. नव्या औषधाची चाचणीही याच वाटेने जाते: आधी ‘औषधाने काही फरक पडत नाही’ असं धरायचं, मग आकडे त्यात बसतात का ते पाहायचं.

पुढे मात्र तो घसरला. ही ईश्वरी योजना आहे, असं त्याने ठरवलं. गणिती निकोलस बर्नुलीने चूक दाखवली: ३५ बाजूंचा फासा घ्या, १८ बाजू मुलग्यांच्या, १७ मुलींच्या. वर्षाला चौदा हजार वेळा टाका, जवळजवळ दरवर्षी मुलगेच जास्त येतील. नाणं निम्मं-निम्मं नाही, एवढंच सिद्ध झालं होतं.

आजही जगभरात १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूतलं एक्स किंवा वाय गुणसूत्र ठरवतं. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणं अडाणीपणा आहे, आणि मुलगा होण्याचं औषध विकणं ही शुद्ध फसवणूक.

त्या १०५च्या हिशेबाने हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली हव्यात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुली होत्या ८९४. सव्वा कोटीहून जास्त मुलांच्या मोजणीत एवढी तूट योगायोगाने पडते का, हे राजवैद्याच्या रीतीने कुणीही ताडून पाहावं.