पानशेत वर्गात शिकवायला हवं

नदीकाठच्या नकाशावरची लाल पूररेषा 100 वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची असते, निळी रेषा 25 वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्याची. यातलं ‘सरासरी’ विसरलं की घोळ होतो. गेल्या पावसाळ्यात पाणी लाल रेषेला टेकलं म्हणून यंदाची शक्यता घटत नाही, ती 1 टक्काच राहते. मग 30 वर्षं नोकरी करणाऱ्या अभियंत्याच्या कारकिर्दीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता किती? एका वर्षी तो न येण्याची शक्यता 0.99. तिचा 30 वा घात 1 मधून वजा केला की उत्तर मिळतं 26 टक्के. निळ्या रेषेसाठी हेच गणित 70 टक्क्यांवर जातं. जलसंपदा क्षेत्रातल्या लोकांना जोखीम शिकवताना ही आकडेमोड आधी त्यांच्याकडून हातानं करून घ्यावी.

पण एवढ्यावर थांबलं, तर धरण फक्त मोठ्या पुरानंच फुटतं असा समज पक्का होतो. म्हणून पुढचा तास पानशेतचा असावा.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खाली खडकवासला फोडलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पाऊस जोरदार होता, हे खरं. पण पाणी उंचीनं माथ्यावरून जाईल अशी स्थिती नव्हती; माथाच खाली आला. काम पुरं होण्याआधी पावसाळ्यात जलाशय भरत गेला. धरणाच्या पोटातून जाणाऱ्या विमोचकाच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या मार्गाच्या, दरवाजाची यंत्रणा अपुरी होती. अर्धवट दरवाजाखालून सुसाटणाऱ्या पाण्याचे हादरे बसत राहिले, वरचा भराव खचू लागला आणि अडीच तासांत माथा सुमारे 1.4 मीटर खाली बसला. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते.

वर्गात ही हकिकत नुसती सांगून भागणार नाही. फळ्यावर तिची एकेक कडी मांडावी आणि प्रत्येक कडीपाशी दोन फाटे काढावेत: इथे साखळी तुटली असती का, की पुढे गेली? प्रत्येक फाट्याला शक्यतेचा आकडा द्यायचा आणि वाटेवरचे आकडे गुणत जायचं. याला घटनावृक्ष म्हणतात.

खरी मेख या गुणाकारात आहे. समजा, वीज जाण्याची शक्यता शंभरात एक आणि जनरेटर सुरू न होण्याची शंभरात एक. दोन्ही एकदम होण्याची शक्यता दहा हजारांत एक, असं लिहून माणूस निर्धास्त होतो. हा गुणाकार दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच बरोबर. ज्या वादळानं तारा तुटल्या, त्याच वादळात जनरेटरच्या खोलीत पाणी शिरलं आणि डिझेल आणायचा रस्ता दरडीनं अडला, तर ही शक्यता कितीतरी पटींनी वाढते. अनुभवी अभियंत्यांचीही इथे गफलत होते. माझ्या मते अभ्यासक्रमाचा सर्वाधिक वेळ इथेच द्यावा.

शक्यतेइतकेच परिणामही मोजावे लागतात. तेच धरण दुपारी 2 वाजता फुटलं आणि पहाटे 2 वाजता फुटलं, तर जाणाऱ्या जिवांची संख्या सारखी नसते. खालच्या गावात इशारा किती मिनिटं आधी पोचतो, यावर ती ठरते. इशारा लवकर पोचवण्याची सोय केली तर भिंतीला हात न लावता जोखीम घटते.

देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं जोखीम मूल्यांकन धरणमालकांना बंधनकारक केलं असून पहिलं मूल्यांकन कायदा लागू झाल्यापासून 5 वर्षांत व्हायचं आहे. ते करायला बसणाऱ्यांत संकल्पचित्रं काढणाऱ्या अभियंत्यांबरोबर धरणावर दरवाजे चालवणारा कर्मचारीही हवा. कुठला दरवाजा मध्येच अडकतो, रात्री फोनला रेंज कुठे मिळते आणि पावसाळ्यात धरणावर जायचा रस्ता किती दिवस बंद असतो, हे त्याला ठाऊक असतं. फाट्यांवरचे आकडे त्याला विचारूनच भरावेत.