सोनोग्राफी, कायदा आणि लेकी: गर्भलिंगनिदान बंदीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये पाऊल टाकले की भिंतीवर ठळक अक्षरांतली पाटी दिसते: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ही पाटी स्थानिक भाषेत लावणे सक्तीचे आहे. मग गर्भवतीसमोर एफ फॉर्म येतो. नाव, वय, पत्ता, आधीची मुले किती, त्यांत मुलगे किती आणि मुली किती, सोनोग्राफी कशासाठी करायची, असे सगळे त्यात भरायचे. शेवटी ‘मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही’ असे लिहून सही करायची. तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ‘मी लिंग सांगितलेले नाही’ असे लिहून द्यावे लागते. आजच्या तरुण जोडप्यांना ही सरकारी कागदांची नेहमीची कटकट वाटते. पण यातल्या एकेका रकान्यासाठी भांडावे लागले आहे, आणि त्या भांडणाचा मोठा भाग मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात झाला आहे.

मुलगी नकोशी असणे यंत्राच्या फार आधीचे आहे. १७८९ मध्ये बनारसचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, जोनाथन डंकन याला तिथल्या राजकुमार नावाच्या राजपूत कुळातल्या घराण्यांत जन्मलेल्या मुली मारल्या जात असल्याचे आढळले. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत अलेक्झांडर वॉकरने काठियावाडच्या जाडेजा राजपूतांकडून ही चाल सोडण्याचे करार लिहून घेतले. १८७० मध्ये बालिकाहत्या रोखण्याचा कायदा आला. त्या काळी निदान जन्मलेले मूल डोळ्यांसमोर असे. सुईणीला माहीत असे, शेजारणीला माहीत असे, जन्ममृत्यूच्या नोंदींवरून सरकारलाही संशय घेता येई. पुढे हे सगळे साक्षीदारच उरले नाहीत.

गर्भ पाहणारे यंत्र जन्मले ते स्कॉटलंडमध्ये, आणि त्यामागचा हेतू निर्मळ होता. कारखान्यांत धातूच्या जाड पत्र्यांतले तडे शोधायला ध्वनिलहरी वापरत. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीत जाऊन त्याच उपकरणाखाली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी ठेवून पाहिल्या. त्यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यानंतर आडवे मूल, जुळी, वार खाली असणे, गर्भ नळीत अडकणे हे सगळे आधीच कळू लागले. सोनोग्राफीने वाचवलेल्या बाळंतिणींची मोजदाद करता येणार नाही. पुढचे सगळे सांगताना मी हे विसरू इच्छित नाही.

भारतात मात्र लिंगनिदानाची सुरुवात सोनोग्राफीने झाली नाही. ती झाली गर्भजल परीक्षेने. सोळाव्या आठवड्याच्या आसपास पोटातून सुई घालून थोडे गर्भजल काढायचे, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि गुणसूत्रे तपासायची. डाउन सिंड्रोमसारखे दोष ओळखण्यासाठीची ही परीक्षा १९७०च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात जे लिहिले ते आज वाचताना अंगावर काटा येतो. मुलगा व्हावा म्हणून जोडपी मुले होऊ देतच राहतात, लिंग आधी कळले तर हे अनावश्यक जनन थांबेल, असा त्यांचा आशय होता. हे लिहिणारे कोणी भोंदू नव्हते, देशातल्या सर्वोत्तम संस्थेतले शास्त्रज्ञ होते. लोकसंख्येचा बागुलबुवा तेव्हा इतका मोठा होता की मुली कमी जन्माला येणे हे कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून छापून आले. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची खरी फट इथे पडली. तंत्रज्ञानाला नैतिकतेचा प्रश्न विचारायची जागा राष्ट्रहिताच्या नावाखाली भरून टाकली गेली.

याच सुमारास गर्भपातही कायदेशीर झाला होता. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. चोरून गर्भपात करताना बायका मरत होत्या, त्यावरचा तो उपाय होता आणि तो अत्यंत गरजेचा होता. गर्भजल परीक्षेचा गैरवापर दिसू लागल्यावर सरकारने १९७०चे दशक संपायच्या आत सरकारी रुग्णालयांत लिंगनिदान बंद केले. खासगी दवाखान्यांना कोणी हात लावला नाही. सरकारी दार बंद झाल्याबरोबर धंदा खासगीत गेला.

मुंबईत हा धंदा उघड चाले. लोकलच्या डब्यांत आणि भिंतींवर जाहिराती असत. आता काही शे रुपये खर्च करा, पुढे हुंड्याचे काही लाख वाचवा, असा त्यांचा मथितार्थ असे. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजल परीक्षा करत असल्याचे पुढे आले. लोकांना वाटत होते की हे काही बदनाम दवाखान्यांतच चालते. ती समजूत या आकड्याने मोडली.

स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते, वकील आणि काही डॉक्टर यांनी मिळून १९८०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत लिंगनिदानविरोधी मंच उभा केला. दवाखान्यांसमोर निदर्शने झाली, पथनाट्ये झाली. मृणाल गोरे यांनी विधानसभेत खासगी विधेयक मांडले. अखेर १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशातला तो पहिला. पण परवाना घेऊन चाचण्या करण्याची मुभा खासगी केंद्रांना राहिली, आणि अंमलबजावणी जवळपास शून्य.

त्या चळवळीतला एक पेच आजही सुटलेला नाही. ज्या बायका लिंगनिदानाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या, त्याच गर्भपाताच्या हक्कासाठीही उभ्या होत्या. विरोधक विचारत, स्वतःच्या शरीराचा निर्णय बाईचा, तर मुलगी नको हा निर्णय तिचा का नाही? मंचातल्या बायकांनी उत्तर दिले ते असे: मूल नको म्हणणे आणि मुलगी आहे म्हणून नको म्हणणे यांत फरक आहे. दुसऱ्या निर्णयात बाईच्या मर्जीपेक्षा सासरचा धाक, नवऱ्याची दुसरी सोयरीक होण्याची भीती आणि वंशाच्या दिव्याचा हट्टच जास्त असतो. म्हणून मंचाने ‘भ्रूणहत्या’ हा शब्द टाळायचा आग्रह धरला आणि लिंगनिवड असे म्हणावे असे सांगितले. प्रत्येक गर्भपाताला हत्या म्हणायची सवय लागली तर कायदेशीर गर्भपातच धोक्यात येईल हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. सरकारी जाहिरातींनी मात्र वर्षानुवर्षे तोच शब्द मिरवला.

केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. गर्भवतीवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असेच गृहीत धरायचे, ही त्यातली चांगली तरतूद. पण कायदा जन्मला तोच उशिरा. तोवर तालुक्याच्या गावापर्यंत सोनोग्राफी यंत्रे पोचली होती. सुई नको, दोनतीन आठवडे वाट पाहणे नको. पोटावर जेल लावायचे, प्रोब फिरवायचा आणि दिसले ते सांगायचे. सांगायचे तेही शब्दांत नाही. पेढे आणा म्हटले की मुलगा. सोमवारी या म्हटले की मुलगा आणि शुक्रवारी या म्हटले की मुलगी. असे संकेत ठरलेले असत आणि ते गावोगाव माहीत होते.

२००१ च्या जनगणनेने आरसा दाखवला. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या ९१३ झाल्या. कोल्हापुरात ८३९, सांगलीत ८५१. हे मागास, दुष्काळी जिल्हे नव्हेत. उसाचे, साखर कारखान्यांचे, दुधाच्या संघांचे, शिक्षणसंस्थांचे हे जिल्हे. शाहू महाराजांचे कोल्हापूर. उलट गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यात हेच प्रमाण साडेनऊशेच्या वर राहिले. शिक्षण आणि पैसा आला की माणूस आपोआप सुधारतो, हा आपला लाडका समज या आकड्यांपुढे टिकत नाही. पाण्याखालची जमीन वाढली तशी तिच्या वाटणीची धास्ती वाढली. हुंडा कमी न होता मोठा झाला. त्यात कुटुंब लहान ठेवायचे. महाराष्ट्राने २००५ च्या नियमांनी शासकीय नोकरीला आणि त्याआधीच पंचायत निवडणुकांना दोन अपत्यांची अट लावली. दोनच मुले, त्यांत एक मुलगा हवाच, असा हिशेब झाला की दुसऱ्या खेपेला सोनोग्राफीची खोली गाठली जाते. एकीकडे लिंगनिदानाला शिक्षा आणि दुसरीकडे तिसऱ्या मुलाला शिक्षा, अशी ही धोरणे एकमेकांच्या पायात पाय घालत होती.

२००० मध्ये आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या महाराष्ट्रातल्या दोन संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा आहे, अंमल नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. न्यायालयाने राज्यांना वेळापत्रकच आखून दिले, यंत्रांची नोंदणी सुरू झाली. फेब्रुवारी २००३ पासून सुधारित कायदा आला. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली आणि सोनोग्राफी यंत्रांवर स्पष्ट बंधन आले. एफ फॉर्मला जीव आला तो इथून. पुढे फॉर्ममधल्या चुका म्हणजे नुसती कारकुनी चूक, त्यासाठी खटला कशाला, असे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते फेटाळले. बंद खोलीत काय बोलले गेले याचा पुरावा राहत नाही, राहते ती फक्त नोंद. मला हा निकाल योग्य वाटतो.

दरम्यान मुंबईतल्या एका जोडप्याने कायद्यालाच आव्हान दिले होते. दोन मुली आहेत, आता मुलगा निवडायची मुभा द्या, असे ते म्हणत होते. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. निकालपत्र न्या. रंजना देसाई यांचे. लिंगनिवड हा स्त्रीच्या प्रतिष्ठेवरच घाला आहे, अशी त्याची दिशा होती.

मग आला कोल्हापूरचा प्रयोग. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी आणि मराठी लेखक लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडायला लावले आणि एफ फॉर्म ऑनलाइन केला. प्रत्येक तपासणीची चित्रे त्यात साठत. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली. रुग्णाच्या खासगीपणाचे काय, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. कोल्हापूरचे प्रमाण २०११ मध्ये ८६३ झाले. पण उपकरण बसले दशकाच्या अखेरीस, त्यामुळे सगळे श्रेय त्याला देता येत नाही. यंत्रावर यंत्राचा पहारा बसवण्याला मर्यादा आहेच. नोंदणी नसलेल्या, पिशवीत मावणाऱ्या यंत्राला कोण उपकरण जोडणार? आणि प्रत्येक गर्भवती या पहाऱ्यात संशयित ठरते. तरीही त्या जिल्ह्यातली परिस्थिती पाहता हात बांधून बसण्यापेक्षा हे बरे होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

२०११ मध्ये राज्य ८९४ वर घसरले आणि बीड जिल्हा ८९४ वरून ८०७ वर. पुढच्याच वर्षी परळीत एका डॉक्टर दाम्पत्याकडे गर्भपातात एका महिलेचा मृत्यू झाला आणि तिथला सगळा व्यवहार बाहेर आला. २०१९ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. या काळात साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांचे ‘लेक लाडकी अभियान’ यांनी गर्भवती कार्यकर्त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांना रंगेहाथ पकडून दिले. पोटात मूल असताना अशा खोलीत जाणाऱ्या त्या बायकांची नावे कुठे छापून आली नाहीत. देशपांडे यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला, तेव्हा मला आधी त्या आठवल्या.

परळीनंतरच्या धडक कारवाईची दुसरी बाजूही सांगायला हवी. औषध दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले, डॉक्टर कायदेशीर गर्भपातालाही नाही म्हणू लागले. लिंगाशी काही संबंध नसलेल्या, अडलेल्या बाईला दारोदार फिरावे लागले. मंचाने वीसपंचवीस वर्षांपूर्वी दिलेला इशारा खरा ठरला.

आता तंत्र आणखी पुढे गेले आहे. हाँगकाँगचे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए सापडतो हे दाखवले. त्यावर उभी राहिलेली रक्ततपासणी दहाव्या आठवड्यात गुणसूत्रे सांगते. सुई गर्भापर्यंत न्यायची गरज नाही. कायद्यात ही तपासणीही येते, पण रक्ताची नळी टपालानेही जाते. जाहिराती भिंतींवरून इंटरनेटवर गेल्या, तेव्हा साबू जॉर्ज २००८ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. गुगल, याहू, मायक्रोसॉफ्ट यांना अशा जाहिराती रोखायला लावण्यात २०१७ उजाडले.

यावर एक सूचना अधूनमधून डोके वर काढते. २०१६ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी लिंग तपासून नोंदवावे आणि मुलीच्या गर्भाचा पाठपुरावा करावा असे सुचवले. २०२४ मध्ये भारतीय वैद्यकीय संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी गोव्यातल्या कार्यक्रमात तसेच मत मांडले. मला हे अजिबात पटत नाही. असे झाले तर पहारा डॉक्टरावरून उठून थेट बाईच्या पोटावर बसेल. तिचा गर्भ नैसर्गिकरीत्या पडला तरी चौकशी तिची होईल, आणि यंत्रातून पैसा कमावणारा मोकळा सुटेल.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण घोड्यावर बसून, मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. आम्हाला मुली मिळत नाहीत, लिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी. वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो गंमत म्हणून छापले. मागणी मात्र नेमकी होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात दर हजार मुलग्यांमागे जन्मणाऱ्या मुलींचा आकडा २०१५-१६ मध्ये ९२४ होता, तो २०१९-२१ मध्ये ९१३ झाला.