‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीनच नाही?
‘पत्रकारावर हात टाकला की जामीन नाहीच,’ हा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतो. निम्मं खरं असल्यानं तो पटतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात असा हल्ला अजामीनपात्र आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण अजामीनपात्र म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही, इतकंच. द्यायचा की नाही, हे कोर्ट ठरवतं. म्हणून कसबा बावड्याच्या कोर्टात जामिनाची तारीख असेल तेव्हा मेसेजवर विसंबून घरी बसू नये. फुटलेल्या कॅमेऱ्याचे फोटो, दवाखान्याचे कागद वकिलामार्फत सरकारी वकिलांकडे पोचवावेत. आरोपीनं फिर्यादीकडे फिरकू नये, अशी अट मागावी. पडताळायचं तर फिर्यादीला मोफत मिळणारी एफआयआरची प्रत बघा. त्यात हा कायदा लावलाय का?