कोयनेचं पाणी आणि बंदरावरचा बर्फ

वीज साठवायची म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बॅटरी येते. कोकणात साठवणीच्या दोन जुन्या जागा आहेत. एक सह्याद्रीच्या माथ्यावर, दुसरी थेट बंदरावर. पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरीकडे आपण त्या नजरेने कधी पाहत नाही, आणि ते आता पाहायला हवं.

वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ग्रिडला जोडलेली सगळी जनित्रं किंचित मंदावतात आणि वारंवारिता, म्हणजे प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं, 50 हर्ट्झच्या खाली सरकते. ती 49.90 ते 50.05 च्या पट्ट्यात राहावी म्हणून ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात रात्रंदिवस हिशेब चालतो. दुपारी सौर वीज मुबलक असते. ऊन उतरतं आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. कोळशाच्या संचाला भार वाढवायला वेळ लागतो, पाण्यावरच्या संचाला काही मिनिटं पुरतात.

म्हणून संध्याकाळी कोयनेची आठवण होते. शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून घाटाखाली जवळपास 500 मीटर कोसळतं, पोफळीच्या परिसरातल्या भूमिगत वीजगृहांत जनित्रं फिरवतं, कोळकेवाडीला अडवलं जाऊन आणखी एकदा वीज देतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॉट. पण या दोन्ही उतारांवर मिळून हजार लिटर पाण्यातून, म्हणजे घराच्या गच्चीवरच्या एका टाकीतून, जेमतेम दीड युनिट वीज मिळते! शिवाय कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. हे पाणी पुरवून पुरवूनच वापरावं लागतं.

आता बंदरावर या. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, जिथे मासळी उतरते तिथे बर्फ लागतोच. कारखान्यात पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे थंडगार खाऱ्या पाण्याच्या हौदात उभे करतात आणि कॉम्प्रेसर त्या हौदातली उष्णता ओढून बाहेर टाकत राहतो. मोठी लादी आतपर्यंत गोठायला रात्र नि दिवस जातो. आपल्याकडच्या हवेत टनभर बर्फाला ढोबळमानाने 55 ते 70 युनिट लागतात. साठ धरले, तरी संध्याकाळी केलेल्या एक टन बर्फामागे कोयनेचं 40 हजार लिटर पाणी खाली येतं. तोच बर्फ दुपारी केला तर त्याला सूर्य पुरेसा आहे.

लादी गोठायला एवढा वेळ लागतो, मग मध्येच कॉम्प्रेसर बंद कसा ठेवायचा? खरं तर हौदातलं खारं पाणीच थंडावा धरून ठेवतं. दुपारी ते नेहमीपेक्षा दोन-चार अंश जास्त थंड केलं, तर संध्याकाळचे काही तास कॉम्प्रेसर थांबवूनही गोठणं चालू राहतं. मात्र त्यासाठी हौदाभोवतीचं उष्णतारोधक आवरण धड असायला हवं, कॉम्प्रेसरची ताकद थोडी जास्त हवी आणि तयार लाद्या ठेवायला बंदिस्त थंड खोली हवी. खाऱ्या हवेत पत्रा लवकर सडतो, त्यामुळे देखभालही सतत.

दराची बाजू मात्र जुळून येते आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार 10 किलोवॉटपेक्षा जास्त मागणीच्या औद्योगिक आणि व्यावसायिक ग्राहकांना सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी असायला हवा. पूर्वी आपल्याकडे उद्योगांना स्वस्त वीज रात्री मिळायची, साहजिकच कामाच्या पाळ्याही तशाच बसल्या. त्या बदलायच्या तर मालकाला दरातल्या सवलतीखेरीज आवरणाच्या आणि खोलीच्या खर्चासाठी अल्प व्याजाचं कर्जही मिळायला हवं. मला ते पैसे सत्कारणी लागलेले वाटतील, कारण धरणाची पातळी खालावते ते एप्रिल-मेचे दिवस आणि 1 जूनच्या मासेमारीबंदीआधीची बर्फाची ओढ एकाच वेळी येतात.