भाडे-न्यायालयाचा अधिकार कुठवर पोचतो?

सातारा आणि सांगलीत घरमालक व भाडेकरू यांच्या तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण नाही. हे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यासमोरच चालतात. मात्र तेथे बसलेले न्यायाधीश अशा दाव्यापुरता भाडे नियंत्रण कायद्याने दिलेला खास अधिकार वापरत असतात; त्या अर्थाने तेच भाडे-न्यायालय.

मुंबई इलाख्यात भाडेवाढीला पहिला लगाम 1918 मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत बसला. पुढे 1939 आणि 1944 च्या कायद्यांची जागा 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. संस्थानी सांगली 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन होऊन 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात आली, आणि साताऱ्याप्रमाणेच तिलाही तोच कायदेशीर वारसा मिळाला. विदर्भ-मराठवाड्यात भाडे नियंत्रक नेमण्याची पद्धत होती. येथे भाड्याचा आणि ताब्याचा प्रश्न 1947 च्या कायद्याच्या कलम 28 नुसार थेट न्यायालयाकडे गेला आणि त्या कामात इतर न्यायालयांना मज्जाव झाला. हा मज्जाव इतका कडक, की करारात लवादाची अट असली तरी ती चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये नटराज स्टुडिओच्या प्रकरणात ठरवले.

तरीही मज्जावाला मर्यादा आहे. रायजादा टोपणदास प्रकरणात 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अधिकारिता, म्हणजे दावा चालवण्याचा अधिकार, वादपत्रातील (वादीने दाखल केलेल्या दाव्यातील) कथनावरून ठरते. प्रतिवादीने नुसते ‘मी भाडेकरू आहे’ म्हटल्याने दावा भाडे-न्यायालयाचा होत नाही. माझ्या मते या विषयातला सर्वात उपयोगी नियम हाच, कारण नाहीतर प्रत्येक अतिक्रमणदाराला कोर्ट बदलून घेण्याची सोय झाली असती.

मालकीचा प्रश्न अधिक किचकट आहे. समजा, साताऱ्याच्या एखाद्या पेठेतील वाड्याची दोन भावांत वाटणी झाली आणि खालच्या दुकानदाराला नोटीस एकाने दिली, तर दुकानदार ‘मालक दुसराच’ असे म्हणू शकतो. भाडे-न्यायालय त्यावर दाव्याच्या गरजेपुरता निर्णय देते, परंतु तो निर्णय अखेरचा नसतो. 1947 च्या कायद्यातील कलम 29-अ ने मालकी सिद्ध करण्यासाठी वेगळा दावा लावण्याची वाट मोकळी ठेवली होती; त्याच्या जागी आलेल्या 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातील कलम 37 आता तीच वाट मोकळी ठेवते.

शेतजमिनीचे कूळ तर या कायद्याच्या बाहेरच राहते. तेथे कूळ आहे की नाही, हे 1948 च्या कूळकायद्याने तहसीलदार ठरवतात आणि दिवाणी न्यायालयाला तो मुद्दा त्यांच्याकडे पाठवावा लागतो.

31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या 1999 च्या कायद्याने कक्षा आणखी आखडली. बँका, सरकारी महामंडळे आणि 1 कोटी वा त्याहून अधिक भरणा (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या) भांडवलाच्या कंपन्या यांनी भाड्याने घेतलेल्या जागा त्यातून वगळल्या गेल्या, तर मुदत संपलेल्या लिव्ह अँड लायसन्सवरच्या घराचा ताबा मागण्याचे काम सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेले, जेथे दिवाणी न्यायालयाला हात घालता येत नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात भाडे न्यायाधिकरणाची तरतूद आहे, पण तेथेही मालकीचा प्रश्न भाडे-न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे; राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो येथे लागू होत नाही.